परदेशात समर कॅम्पला इंग्रजी शिकवायचं काम, कॉलेजात असताना मिळतं का?

कळवा_स्लो

नमस्कार मंडळी. मी एसवाय बीएला आहे, इंग्लिश लिटरेचर, कॉलेज चर्चगेटला. दर मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या चाळीतल्या पोरांना स्पोकन इंग्लिश शिकवते, पैसे घेत नाही, आवडतं म्हणून. गेल्या मे महिन्यात लोकलचा खेळ घेतला होता, एकाने टीसी व्हायचं, बाकीच्यांनी पॅसेंजर, तिकीट कुठाय, कुठून आलात, कुठे उतरणार, फर्स्ट क्लासमध्ये का बसलात, सगळं इंग्रजीत. एक तिसरीतला मुलगा होता, आधी सगळे दिवस कोपऱ्यात गप्प बसायचा, तो टीसी झाला आणि मग थांबेचना, शेवटी त्याच्या आईलाही दंड ठोठावला त्याने. तेव्हापासून डोक्यात आहे की हे काम मला कुठेतरी नीट, बाहेरच्या मुलांबरोबर करून बघायचंय.

तर प्रश्न असा की परदेशात उन्हाळ्यात जे समर कॅम्प असतात तिथे दीड-दोन महिने इंग्रजी शिकवायचं काम आपल्यासारख्या स्टुडंटला खरंच मिळतं का, की ते फक्त गोऱ्या पासपोर्टवाल्यांसाठी असतं? टीईएफएल (इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवायचा) कोर्स करावा लागतो का? ठाण्यातला एक एजंट म्हणतोय थायलंड किंवा चीनला लगेच पाठवतो, टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो, फी आधी भरा. बाबा नाहीच म्हणतात, आई म्हणते आधी नीट चौकशी कर मग बोलू. तिकिटापुरते पैसे जमतील, त्याहून जास्त नाही. परीक्षा एप्रिलमध्ये संपेल. कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

पार्ले_मास्तरीण

अगं आधी त्या एजंटचं बोलते, बाकीचं नंतर. टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवायचं हे डोक्यातून काढून टाक, पगार मिळो न मिळो. चीनमध्ये परदेशी इंग्रजी शिक्षकाला झेड व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, त्यासाठी डिग्री, साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि शिवाय पासपोर्ट अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा मागतात. तुझ्याकडे आज यातलं काहीच नाही, त्यामुळे तो जे काही करून देणार ते बेकायदाच असणार. कोरियाचा ई-२ व्हिसा पण तसाच, ठरलेल्या सात देशांच्या नागरिकांसाठी, आपल्या लोकांना भारत-कोरिया करारातून थोडी वाट आहे पण ती डिग्री आणि टीचिंगचं क्वालिफिकेशन असलेल्यांना. थायलंडला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि शिवाय वर्क परमिट. टुरिस्ट म्हणून गेलीस आणि तिकडे कोणी तपासणीला आलं तर शाळा हात वर करते, दंड आणि डिपोर्टेशन तुझ्या नावावर, आणि पुढे प्रत्येक व्हिसा फॉर्ममध्ये "तुम्हाला कधी परत पाठवलंय का" हा रकाना असतो तो आयुष्यभर भरत बसायचा. बाबा बरोबर आहेत.

आता कामाचं. बहुतेक लोक आधी नोकरी शोधतात आणि मग व्हिसा बघतात, आपल्या पासपोर्टवर उलटं करायचं, आधी बघायचं कुठला व्हिसा आपल्याला कायदेशीर काम करू देतो आणि मग त्या देशात कॅम्प शोधायचा. असं बघितलं की यादी एकदम छोटी होते, पण जी उरते ती खरी असते. आणि दुसरी अडचण कॅलेंडरची. आपली सुट्टी मे महिना, जूनमध्ये कॉलेज सुरू. युरोप-अमेरिकेतले कॅम्प जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालतात. म्हणजे तुझं टीवाय सुरू होणार तेव्हाच त्यांचा सीझन सुरू होणार, आणि ७५ टक्के अटेंडन्सचा नियम तुला माहितीच आहे. एसवाय नंतरच्या सुट्टीत हे बसवणं फार ओढाताणीचं आहे. टीवायची शेवटची परीक्षा झाली की मात्र जून ते ऑगस्ट मोकळा असतो, एमएचं ॲडमिशन सांभाळून. म्हणून माझं मत, या वर्षी तयारी कर आणि पुढच्या वर्षी जा.

दादर_दोरी

अमेरिकेचं मी सांगतो, मी गेलो होतो. जे-१ व्हिसामध्ये, म्हणजे एक्सचेंज प्रोग्रामवाल्यांच्या व्हिसामध्ये, कॅम्प काउन्सेलर (कॅम्पवर मुलांना सांभाळणारा, शिकवणारा) ही वेगळी कॅटेगरीच आहे, वय १८ पूर्ण हवं, जास्तीत जास्त चार महिने आणि ते वाढवून मिळत नाहीत. थेट कॅम्पला मेल करून व्हिसा मिळत नाही, मध्ये स्पॉन्सर संस्था लागते, तिला त्यांच्या स्टेट डिपार्टमेंटची मान्यता असावी लागते, आणि ती यादी जे-१ व्हिसाच्या सरकारी वेबसाइटवर कोणालाही बघता येते, तर ज्या संस्थेचं नाव त्यात नाही तिला एक रुपया द्यायचा नाही. संस्था इंटरव्ह्यू घेते, कॅम्पशी गाठ घालून देते, मग डीएस-२०१९ हा फॉर्म, म्हणजे स्पॉन्सरचं प्रोग्रामचं पत्र, येतो. तो आला की सेव्हिस फी (त्यांच्या सरकारी नोंदणीची) भरायची, काउन्सेलरला ती ३५ डॉलरच आहे, मग डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज आणि मग बीकेसीला कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. संस्थेची स्वतःची फी, विमा, तिकीट हे वेगळं, आणि कोण काय भरणार हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं म्हणून सही करायच्या आधी लेखी मागून घे. राहणं जेवण कॅम्पमध्येच. पगाराबाबत नियम असा आहे की तिथल्या अमेरिकन काउन्सेलरला जे मिळतं त्याच्या तोडीचं तुम्हालाही मिळायला हवं. आणि काउन्सेलर म्हणून बोलावून किचनमध्ये भांडी घासायला किंवा ऑफिसात बसवायला परवानगी नाही, हेही नियमातच आहे, लक्षात ठेव.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तिथे इंग्रजी शिकवायला कोणी बोलावत नाही, मुलं अमेरिकनच असतात. त्यांना हवा असतो स्विमिंग शिकवणारा, तिरंदाजीवाला, क्राफ्टवाला, नाटक बसवणारा. मी लहानपणापासून शिवाजी पार्कला मल्लखांब केलाय, २०१९ ला पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा आपल्या पार्कातच झाली तेव्हा व्हॉलंटियर होतो, तर अर्जात तेच वर लिहिलं आणि इंटरव्ह्यूचा निम्मा वेळ त्यावरच गेला. तिकडे पुरलेला खांब नव्हता, दोरीचा मल्लखांब करून दाखवला, आठ-नऊ वर्षांच्या मुली इतक्या पटकन शिकल्या की डोळ्यात पाणी आलं. दोरी पायाच्या अंगठ्यात धरायची असते, ते त्यांना आधी जमायचं नाही, सगळ्या बुटासकट चढायला बघायच्या. मग सगळ्यांना अनवाणी गवतावर बसवलं आणि नुसत्या अंगठ्याने पेन्सिल उचलायला लावली, एक अख्खी दुपार त्यातच गेली, दुसऱ्या दिवशी चढल्या. तुला भरतनाट्यम, रांगोळी, नाटक, पोहणं काही येत असेल तर ते वर लिही, मुलांना शिकवायचा अनुभव त्याच्या खाली.

अर्ज दिवाळीच्या सुमारास सुरू कर. चांगले कॅम्प हिवाळ्यातच माणसं ठरवून टाकतात आणि व्हिसाच्या तारखा पण मिळायला हव्यात. इंटरव्ह्यूला ऑफिसर त्यांच्या कायद्यातल्या २१४ बी कलमाखाली नाकारू शकतो, म्हणजे तू परत येशील याची त्याला खात्री वाटली नाही तर. पुढच्या शिक्षणाचं काहीतरी ठोस सांगता आलं पाहिजे आणि तेही दोन वाक्यात.

गिरगाव_ते_केंट

मी युकेत बीए करतेय, तिथल्या समर स्कूलचं सांगते कारण खरं इंग्रजी शिकवायचं काम तिथेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बोर्डिंग स्कूल आणि युनिव्हर्सिटीच्या इमारती रिकाम्या असतात, तिथे लँग्वेज स्कूलवाले कॅम्प भरवतात, इटली, स्पेन, तुर्कस्तान, चीनची मुलं येतात, सकाळी क्लास, दुपारी खेळ किंवा फिरणं. टीचर व्हायचं तर सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टिफिकेट (इंग्रजी शिकवायच्या ट्रेनिंगचं) मागतात कारण ब्रिटिश कौन्सिलच्या ॲक्रेडिटेशनला क्वालिफाइड टीचर लागतात. पण ॲक्टिव्हिटी लीडर म्हणून सर्टिफिकेट नसताना पण घेतात आणि खरं सांगायचं तर मुलं जास्त बोलतात ती त्या दुपारच्या वेळातच. स्टेशनवर चाळीस मुलांची हजेरी घेत गाडीत चढवायचं काम मुंबईच्या मुलीला जितकं सहज जमतं तितकं कोणालाच जमत नाही.

आता अडचण. ते लोक भारतातून व्हिसा देऊन कोणाला बोलावत नाहीत, काम करायचा हक्क आधीच तुझ्याकडे असावा लागतो. माझ्याकडे स्टुडंट व्हिसा आहे, टर्ममध्ये आठवड्याला २० तास आणि सुट्टीत फुल टाइम, त्यामुळे जमलं. जे मास्टर्सला येणार आहेत त्यांनी नीट ऐका, एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा ही सुट्टी धरत नाहीत, डिझर्टेशन (प्रबंध) चालू असतं म्हणून तेव्हाही २० तासच. आणि कोणी फ्रीलान्स करारावर सही करा म्हणालं तर नाही म्हणायचं, स्टुडंट व्हिसावर सेल्फ एम्प्लॉयमेंट चालत नाही.

भारतात राहून युकेला जायचा एक मार्ग आहे, यंग प्रोफेशनल्स स्कीम. २०२३ पासून सुरू आहे, १८ ते ३० वय, वर्षाला ३,००० जागा, लॉटरी निघते, बॅलटमध्ये नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नंबर लागला तर दोन वर्षांपर्यंत राहून काम करता येतं. पण डिग्री हवी आणि खात्यात २,५३० पौंड दाखवायला हवेत. म्हणजे तुझ्यासाठी टीवाय नंतरच.

अजून एक, मुलांबरोबर काम म्हटलं की कागदपत्रं खूप मागतात आणि मागायलाच हवीत. पोलीस क्लिअरन्स लागतो, आणि रेफरन्स देणाऱ्याला थेट विचारतात की या व्यक्तीला १८ खालच्या मुलांबरोबर ठेवायला तुमची काही हरकत आहे का. जो कॅम्प यातलं काहीच विचारत नाही आणि पहिल्याच मेलमध्ये सिलेक्टेड म्हणतो तिथे जाऊ नये.

विक्रोळी_पूर्व

ऑस्ट्रेलियाचं कोणी लिहिलं नाही. सबक्लास ४६२ वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना उघडलाय, वर्षाला १,००० जागा, त्यालाही बॅलट, १८ ते ३० वय, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, आणि साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे. वर्षभर राहता येतं. फक्त तिथला उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. आणि हजार जागांसाठी पूर्ण देशातून लोक उड्या मारतात त्यामुळे लागला तर लागला, त्यावर सगळं ठरवू नये.

फ्रेंच येत असेल तर फ्रान्स सरकारची लँग्वेज असिस्टंटची स्कीम आहे, भारतातूनही इंग्रजीसाठी घेतात, शाळेत मुलांकडून बोलण्याचा सराव करून घ्यायचा. पण ती ऑक्टोबर ते एप्रिल असते, उन्हाळ्यात नाही. फ्रेंच हवंच.

टीईएफएल_नवी_मुंबई

कोर्सबद्दल. १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल करून टाक, सेलमध्ये स्वस्तात मिळतो, बायोडेटावर एक ओळ होते. बाकी डिग्रीच महत्त्वाची.

पार्ले_मास्तरीण

ह्याला माझा विरोध आहे, स्पष्टच सांगते. ऑनलाइन कोर्समध्ये समोर मूल नसतं. सेल्टाला पण तास साधारण १२० च असतात पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे कोणीतरी बसून प्रत्येक गोष्ट टिपत असतं, तो सगळा फरक आहे. सेल्टा महाग आहे, आत्ता करू नकोस, पण स्वस्तातला कोर्स घेऊन आता मी टीचर झाले असं पण समजू नकोस. त्यापेक्षा या वर्षी मुंबईतच एखाद्या संस्थेत शनिवार-रविवार शिकव. 'प्रथम' या संस्थेचं काम १९९५ ला आपल्या मुंबईतल्या वस्त्यांमधूनच सुरू झालं, आकांक्षा आहे, टीच फॉर इंडियाच्या वर्गांना व्हॉलंटियर लागतात. तिथे सहा-आठ महिने टिकून काम केलंस की तुला लेखी अनुभव मिळेल, तुला ओळखणारा आणि तुझ्याबद्दल दोन ओळी लिहून देणारा माणूस मिळेल, आणि परदेशातल्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून नाव कोणाचं टाकायचं हा प्रश्नच राहणार नाही. चाळीतल्या पोरांना शिकवतेस ते सोन्यासारखं आहे पण त्याचा कागद नाही ना तुझ्याकडे.

आणि तो टीसीचा खेळ लिहून ठेव नीट. किती मुलं, काय वय, कुठली वाक्यं आधी फळ्यावर लिहिलीस, गप्प मुलाला कधी आणि कसं पुढे आणलंस. इंटरव्ह्यूत नेहमी विचारतात की वीस मिनिटं आहेत, मुलांना एकमेकांची भाषा येत नाही, काय घेशील? तुझं उत्तर तयार आहे. फक्त लोकल ऐवजी त्यांच्या ओळखीची बस किंवा विमानतळ घे.

अंधेरी_आयसेक

या मे महिन्यातच जायचं असेल तर आयसेक बघ, मुंबईत त्यांची शाखा आहे, कॉलेजच्या मुलांचीच संस्था. ग्लोबल व्हॉलंटियर म्हणून सहा ते आठ आठवड्यांचे प्रोजेक्ट असतात, त्यात शाळेत किंवा कॅम्पमध्ये इंग्रजी शिकवण्याचे बरेच असतात. पगार नाही, उलट आपण फी भरायची, राहायची सोय बहुतेक प्रोजेक्टमध्ये असते, तिकीट-व्हिसा आपलं. आधी गेलेल्या मुलांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नकोस कारण एकाच देशातले दोन प्रोजेक्ट पण एकदम वेगळे निघतात, एका ठिकाणी रोज वर्ग भरतो तर दुसरीकडे आठवडा आठवडा मुलंच येत नाहीत. आणि तिथली टीम कुठल्या व्हिसावर या म्हणते ते लेखी घे आणि त्या देशाच्या एम्बसीच्या वेबसाइटवर स्वतः पडताळून बघ, व्हॉलंटियर कामाला पण बऱ्याच देशांत वेगळा व्हिसा लागतो. राहणं-जेवणाच्या बदल्यात काम देणाऱ्या ज्या साइट असतात त्यांनाही हेच लागू, अमेरिका-युकेत तर टुरिस्ट म्हणून तसलं काम चालतच नाही.

माहीम_कॉजवे

एजंटबद्दल एक उपयोगाचं. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं रजिस्ट्रेशन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव किंवा नंबर टाकून बघता येतं. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, तेही पावतीवर. माझ्या मावसभावाला असंच एका कन्सल्टन्सीने कॅम्प टीचरची नोकरी म्हणून सांगितलं होतं, ऑफिस एकदम चकाचक, भिंतीवर झेंडे. आम्ही फक्त तीन गोष्टी लेखी मागितल्या, रजिस्ट्रेशन नंबर, कॅम्पचा पत्ता आणि व्हिसाचा प्रकार. आठवडाभर उद्या देतो उद्या देतो, नंतर फोन उचलणं बंद. तुझ्या ठाण्यातल्या माणसाला पण हेच तीन प्रश्न व्हॉट्सॲपवर टाक, तोंडी नको.

कळवा_स्लो

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं, बाबा पण बाजूला बसून ऐकत होते. त्या एजंटला तिन्ही प्रश्न पाठवले, अजून ब्लू टिक पण नाही, आणि आता उत्तर आलं तरी जाणार नाहीये.

या मे महिन्यात बाहेर जात नाही. शनिवार-रविवार शिकवायला कुठे जाता येईल ते विचारायला परवापासून सुरुवात करते, भायखळा किंवा कुर्ल्याच्या बाजूला मिळालं तर कॉलेज करून जमेल. टीवायला असताना दिवाळीच्या आसपास जे-१ चा अर्ज करायचा आणि डिग्री हातात आली की युकेच्या बॅलटमध्ये नाव टाकायचं असं ठरवलंय. दादर_दोरी, मला मल्लखांब येत नाही पण शाळेपासून एकांकिका बसवल्यात, कॉलेजच्या फेस्टला लहान मुलांचं नाटक पण बसवलंय, ते चालेल का? आणि पोलीस क्लिअरन्स आत्ताच काढून ठेवू का?

दादर_दोरी

चालेल म्हणजे काय, धावेल! नाटकवाली माणसं कॅम्पना कायम हवी असतात, शेवटच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी मुलांचा कार्यक्रम असतो. तालमीचे व्हिडिओ जपून ठेव, प्रयोगाचे नाही मिळाले तरी चालतील, तालमीत तू मुलांशी कशी बोलतेस ते दिसतं आणि त्यांना तेच बघायचं असतं. फक्त मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ कोणालाही पाठवायच्या आधी त्यांच्या आईवडिलांना विचार.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स, आत्ता नको. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करायचा, फी ५०० रुपये, तुला ठाण्याचं केंद्र जवळ पडेल. पण घेणारे लोक काही महिन्यांच्या आतलाच ग्राह्य धरतात म्हणून ऑफर आली की काढ. आत्ता फक्त पासपोर्ट बघ, एक्सपायरी कधी आहे आणि पत्ता कळव्याचाच आहे ना. पत्ता जुना असेल तर ते आधी नीट करून घे, पोलीस व्हेरिफिकेशन तिथेच अडकतं.